व्यंग आणि व्यंग्य

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. पावसाळ्याचे, कॉलेज नुकतेंच सुरू झाल्याचे दिवस होते. तास घेण्यासाठीं आम्ही वर्गांत शिरलों, तों नेहमींच्या गलबल्याऐवजीं संशय यावा इतकी शांतता पसरलेली. फळ्याकडे दृष्टि गेली आणि उलगडा झाला. खडूच्या दहाबारा रेघांत कोणीं तरी आमचें चित्र काढलें होतें. नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा, त्याच्यावरून पाहणारे दोन ठिपके, आणि आकाशाकडे रोखलेली एक तर्जनी. ती तर्जनी बाकीच्या सर्व देहाएवढी होती. किंबहुना देह म्हणून जें कांहीं होतें, तें त्या तर्जनीस आधार देण्यापुरतेंच काढलेलें होतें. सगळा वर्ग आमच्या मुद्रेकडे पाहत होता. “हें कोणाचें काम?” असें विचारण्यासाठीं आम्हीं हात वर केला, आणि त्या हाताचें एक बोट वर राहिलें आहे हें ध्यानांत येतांच आमचें आम्हांसच हसूं आवरेना. मग वर्गहि मोकळेपणीं हसला. तें चित्र आम्हीं तासभर तसेंच राहूं दिलें, आणि फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यांत शिकविलें.

पंधरवडा लोटला नसेल, तों त्याच फळ्यावर त्याच हातचें दुसरें चित्र दिसलें. वर्गांत एक विद्यार्थी होता. लहानपणींच्या अपघातानें त्याचा एक पाय अधू झालेला होता. चित्रांत एक चेहरा, एक काठी, आणि वेलीसारखा वळत गेलेला तो पाय. रेघा तितक्याच थोड्या आणि तितक्याच सफाईच्या. वर्ग हसला. तो विद्यार्थीहि हसला. आणि, सांगण्यास संकोच वाटतो, पण न सांगावें तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजनच उरत नाहीं, निमिषभर आमच्याहि ओठांवर स्मित येऊन गेलें. पुढच्याच निमिषास त्याची लाज वाटली. आम्हीं डस्टर उचलून फळा पुसला आणि एक अक्षर न बोलतां शिकविण्यास आरंभ केला.

त्या दिवसापासून दोन प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिले आहेत. हात एक, खडू एक, अतिशयोक्तीची रीति एक. मग पहिल्या चित्रावरचें हसूं निर्मळ आणि दुसऱ्यावरचें लाजिरवाणें, असें कां व्हावें? आणि दुसरें जर खरोखरच लाजिरवाणें होतें, तर लाज येण्यापूर्वीं तें ओठांवर आलेंच कसें?

अशा चित्रांस मराठींत आपण व्यंगचित्रें म्हणतों. हा शब्द थोडा निरखून पाहण्यासारखा आहे. ‘व्यंग’ म्हणजे अंगांतलें वैगुण्य. ‘वि’ आणि ‘अंग’ मिळून तो शब्द झाला. त्याच्या अगदीं शेजारीं, केवळ एका यकाराच्या अंतरावर, दुसरा एक शब्द राहतो: ‘व्यंग्य’. त्याचा धातु निराळा आणि कुळीहि निराळी. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें काव्याचा आत्मा म्हणून जो ध्वनि सांगितला, त्या ध्वनीनें सुचविला जाणारा, उघड न उच्चारलेला अर्थ म्हणजे व्यंग्य. मराठी जिभेवर हे दोन शब्द एकमेकांत सहज मिसळतात, आणि कित्येक जण ‘व्यंग्यचित्र’ असेंहि लिहितात. कोणी शुद्धिचिकित्सक तेथें तांबडी खूण करील. आम्हांस मात्र असें वाटूं लागलें आहे कीं आमच्या पहिल्या प्रश्नाची किल्ली त्या एका यकारांतच आहे. पण तेथवर जाण्यापूर्वीं दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे हसूं येतें कसें याचा, विचार केला पाहिजे.

हास्याची मीमांसा करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. भरतानें नाट्यशास्त्रांत हास्यरसाचीं कारणें सांगतांना विकृत वेष, विकृत अलंकार, धिटाई, असंबद्ध बडबड यांच्या जोडीला व्यंगदर्शनहि सांगितलें आहे, हें येथें विसरतां येणार नाहीं. अभिनवगुप्तानें त्याच्याहि मागें जाऊन म्हटलें कीं या सर्वांच्या मुळाशीं अनौचित्य आहे. जेथें जें शोभत नाहीं तेथें तें आलें कीं हास्य उत्पन्न होतें. पाश्चात्त्यांत हॉब्जनें १६५१ सालच्या आपल्या ग्रंथांत हास्यास अकस्मात् वाटणारी प्रौढी म्हटलें; दुसऱ्याचें उणें दिसलें कीं आपण त्याच्याहून बरे, या जाणिवेनें मनुष्य हसतो. कांटनें १७९० सालीं निराळें कारण दिलें. ताणलेली अपेक्षा एकाएकीं शून्यावर येऊन आदळली कीं हसूं येतें. बर्गसाँनें १९०० सालीं सांगितलें कीं जिवंत मनुष्य यंत्रासारखा वागूं लागला म्हणजे तो हास्यास्पद होतो. आमच्याकडे न. चिं. केळकरांनीं १९०८ सालीं ‘सुभाषित आणि विनोद’ व १९३७ सालीं ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहून या विषयाची मराठींत भक्कम पायाभरणी केली.

या उपपत्तींपैकीं कोणती खरी, हा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. परंतु त्या आमच्या फळ्यावर लावून पाहतां येतील. पहिल्या चित्रानें आम्हांस हसविलें तें हॉब्जच्या प्रौढीनें खचित नव्हे. स्वतःच्याच नाकावर उतरलेला चष्मा पाहून कोणास प्रौढी वाटणार? तेथें बर्गसाँ अधिक उपयोगीं पडतो. तीस वर्षें शिकवितां शिकवितां आमचें बोट आमच्या नकळत एक यंत्र होऊन बसलें होतें. प्रश्न विचारला कीं वर, उत्तर दिलें कीं वर. चित्रानें तें यंत्र दाखविलें, आणि आम्हीं हात उचलून त्या चित्रास आपणहून साक्ष दिली. दुसऱ्या चित्रांत मात्र हॉब्जची प्रौढी होती. सरळ पायांनीं चालणाऱ्या ऐंशी जणांची ती प्रौढी होती, आणि तींत आमचाहि निमिषाचा वांटा होता.

पण येथें एक गोष्ट निसटते. आमच्या वर्गांतील मुलें क्रूर नव्हतीं. हाच विद्यार्थी जिना चढूं लागला कीं त्याची पिशवी उचलण्यास दोघे तिघे पुढें होत. त्याचा खरा पाय पाहून कोणी कधीं हसलें नाहीं. चित्रांतला पाय पाहून मात्र सगळे हसले. तेव्हां जें कांहीं घडलें, तें चित्रामुळें घडलें. चित्रांत असें काय असतें?

यावर गेल्या पाऊणशें वर्षांत मानसशास्त्रानें बराच प्रकाश टाकला आहे. टिंबर्गेन नांवाच्या डच शास्त्रज्ञानें समुद्रपक्ष्यांच्या पिलांवर प्रयोग केले. या पक्ष्याच्या पिवळ्या चोंचीवर एक तांबडा ठिपका असतो. पिलूं त्यावर चोंच मारतें आणि आई त्यास भरविते. शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं खऱ्या चोंचीपेक्षां पट्टे काढलेली एक लांब बारीक काठी पुढें धरली, तर पिलूं तिच्यावर अधिक हौसेनें चोंच मारतें. चोंचीची जी खूण त्याच्या मेंदूंत कोरलेली आहे, ती त्या काठींत चोंचीहूनहि ठळक झालेली असते. रामचंद्रन् या भारतीय वंशाच्या मेंदुशास्त्रज्ञानें १९९९ सालीं एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधांत हेंच तत्त्व व्यंगचित्रास लावलें. सामान्य चेहऱ्याहून एखादा चेहरा जेथें जेथें वेगळा पडतो, तेवढाच भाग चित्रकार वाढवितो आणि बाकीचा टाकून देतो. त्यापूर्वीं १९८७ सालीं तीन संशोधक स्त्रियांनीं संगणकाच्या साहाय्यानें ओळखीच्या माणसांचीं अशीं फुगविलेलीं रेखाचित्रें करून लोकांस दाखविलीं, तेव्हां हुबेहूब रेखाचित्रापेक्षां या विकृत चित्रावरून लोक तो माणूस लवकर ओळखतात असें त्यांस दिसून आलें. खोटें चित्र खऱ्याहून खरें ठरतें, तें असें.

इटालियन भाषेंत या कलेचें जें नांव आहे त्याचा मूळ अर्थ ‘लादणें’ असा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्या शहरांतले काराची बंधु चेहऱ्यावर असा भार लादून चित्रें काढीत. भार जेथें आधींच थोडा कललेला आहे, तेथेंच तो लादावयाचा. बर्गसाँनेंहि हेंच निराळ्या शब्दांत सांगितलें आहे. निसर्गानें चेहऱ्यांत जो वांकडेपणा सुरू करून अर्धवट सोडला, तो चित्रकार पुरा करितो.

तथापि ओळख पटणें म्हणजे हसणें नव्हे. आमच्या शिल्पकारांनीं देवतांचे डोळे कानांपर्यंत नेले आणि कमर मुठींत मावेल इतकी बारीक केली. तेथेंहि अतिशयोक्तिच आहे, पण तेथें कोणी हसत नाहीं. हसूं येण्यास ती अतिशयोक्ति वरून खालीं उतरावी लागते. जें मान्य, प्रतिष्ठित किंवा नेमकें आहे तें ढळावें लागतें. आणि त्याच वेळीं त्या ढळण्यापासून कोणास इजा नाहीं असेंहि वाटावें लागतें. हास्यास्पद म्हणजे असा दोष कीं ज्यांत वेदना वा नाश नाहीं, असें अरिस्टॉटलनें तेवीसशें वर्षांपूर्वीं म्हटलेंच होतें. २०१० सालीं मॅक्ग्रॉ व वॉरन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं बहुतेक तीच गोष्ट प्रयोगांच्या आधारें पुन्हा मांडली. कोणता तरी नियम मोडलेला दिसणें, आणि तो मोडणें निरुपद्रवी आहे असें त्याच क्षणीं वाटणें, या दोन जाणिवा एकत्र आल्या कीं हास्य फुटतें, असें त्यांचें म्हणणें.

हास्याचें याहून सोपें कारण शोधण्याचाहि प्रयत्न झाला होता. १९८८ सालीं जर्मनींतल्या कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं लोकांच्या दांतांत लेखणी धरावयास देऊन त्यांचे ओठ हसल्यासारखे फांकविले, आणि मग हास्यचित्रें दाखविलीं. तीं चित्रें त्यांस अधिक गमतीचीं वाटलीं असें प्रसिद्ध झालें. पुढें २०१६ सालीं सतरा प्रयोगशाळांनीं तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हां तसा परिणाम कांहीं हातीं आला नाहीं. हास्याचा उगम लेखणीच्या टोकाशीं असेल, पण ती दांतांत धरल्यानें तो सांपडेल असें दिसत नाहीं.

आतां ‘निरुपद्रवी’ या शब्दाजवळ थोडें थांबूं. निरुपद्रवी, पण कोणास? आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे असें आम्हांस वाटतें. खडूचा पाय दुखत नाहीं. रेघेला रक्त नसतें. खरा अधू पाय पाहिला म्हणजे आपल्या मनांत कळवळा उठतो आणि तो हास्यास आंत येऊं देत नाहीं. रेघ मात्र त्या कळवळ्यास बगल देऊन जाते. हास्याच्या वेळीं हृदय क्षणभर बधिर व्हावें लागतें असें बर्गसाँनें म्हटलें आहे. व्यंगचित्राची रेघ हें काम चुटकीसरशीं करते, आणि तें करण्यास तिला वेळहि फार लागत नाहीं. विनोदी लेख आपण शब्दामागून शब्द वाचतों. कोटी संपेपर्यंत विवेक जागा होण्यास सवड असते. चित्र एकदम दिसतें. ओळख, पतन आणि निर्वेदनता हीं तिन्ही एकाच दृष्टिक्षेपांत येतात, आणि विवेक दारापाशीं पोहोंचतो तेव्हां हसूं बाहेर पडून गेलेलें असतें.

राज्यकर्त्यांस हें फार पूर्वीं कळलें होतें. फ्रान्समध्यें १८३५ सालीं जे कायदे झाले, त्यांनीं चित्र छापण्यापूर्वीं सरकारची परवानगी घेणें सक्तीचें केलें. लेखास तशी पूर्वपरवानगी नको होती. लेखाशीं वाद घालतां येतो, चित्राशीं घालतां येत नाहीं, हें त्यामागचें मर्म.

आणि तो कायदा होण्याचें एक मोठें कारण होतें, एक फळ! लुई फिलिप राजाचे गाल थोराड व कपाळ निमुळतें होतें. फिलिपाँ नांवाच्या पत्रकारावर राजाची बेअदबी केल्याबद्दल १८३१ सालीं खटला झाला, तेव्हां त्यानें न्यायालयांत चार चित्रें काढून दाखविलीं. पहिलें राजाचें, दुसऱ्यांत गाल जरा उतरलेले, तिसरें जवळजवळ फळ, चौथें नुसतें नासपती. यांतलें कोणतें चित्र गुन्हा आहे तें सांगा, असा त्याचा सवाल होता. त्यास सहा महिन्यांची कैद व दंड झाला, पण पॅरिसच्या भिंतींवर पोरें नासपती काढूं लागलीं. फ्रेंच बोलींत नासपती म्हणजे भोळसट मनुष्य असाहि अर्थ आहे. दोमिए या थोर चित्रकारानें त्याच सुमारास राजास अधाशी राक्षसाच्या रूपानें, गरिबांनीं पाठीवरून वाहून आणलेलें धन गिळतांना दाखविलें, आणि तोहि तुरुंगांत गेला.

येथें कोणी म्हणेल, राजाचे गाल काय त्यानें स्वतः घडविले होते? गालांना हसणें आणि पायास हसणें यांत फरक कोणता? आम्ही म्हणूं कीं फरक त्या यकाराचा. लोक गालांना हसत नव्हते. क्रांतीच्या खांद्यावर चढून गादीवर आलेला राजा धनिकांच्या तुपांत लठ्ठ होत चालला आहे, हा अर्थ त्या गालांतून ध्वनित होत होता. गाल हें व्यंग. त्यांतून सुचणारा लोभ हें व्यंग्य. चित्र व्यंगापाशीं थांबत नव्हतें, तें त्यांतून पलीकडे जात होतें. आणि जेथें तें पोहोंचत होतें, ती गोष्ट राजाच्या हातची होती. तो उद्यां न्यायानें वागता, तर त्याचे गाल तेवढेच राहून नासपती मात्र नाहींशी झाली असती.

याच्या उलट टोकाचें उदाहरण न्यूरेंबर्ग शहरांत मिळतें. तेथें १९२३ ते १९४५ पर्यंत युलियस श्ट्रायखर यानें ‘डेर श्ट्युर्मर’ नांवाचें पत्र चालविलें. त्यांत ‘फिप्स’ या टोपणनांवाचा चित्रकार ज्यू लोकांचीं चित्रें काढी. वांकडें नाक, जाड ओठ, फुगीर डोळे. कलेच्या दृष्टीनें अतिशयोक्तीचें तत्त्व तेंच. पण तेथें नाकाच्या पलीकडे दुसरें कांहींच नव्हतें. हें नाक म्हणजेच पाप, असें ती रेघ सांगे. नासपतीच्या मागें एक मनुष्य व त्याची करणी होती. या नाकामागें कोणीहि मनुष्य नव्हता, म्हणून तें नाक लाखो चेहऱ्यांवर चिकटवितां आलें. त्या चेहऱ्यांना उद्यां काय करून सुटका मिळाली असती? कांहींच करून नाहीं. कारण आरोप करणीवर नव्हता, जन्मावर होता. लोक आधीं हसले, मग त्यांचा कळवळा बधिर झाला, आणि बधिर झालेला कळवळा गरज पडली तेव्हां जागा झाला नाहीं. श्ट्रायखरनें स्वतः कोणावर शस्त्र चालविल्याचा आरोप नव्हता. तरी १९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें त्यास फांशी दिली.

येथवर आमची विचारसरणी सरळ चालली. पण एक गांठ अशी आहे कीं ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. व्यंग्य हें चित्रांत असतें कीं पाहणाऱ्याच्या मनांत? आनंदवर्धनाच्या परंपरेनें ध्वनि समजण्यास सहृदय लागतो असें सांगितलें आहे; आणि सहृदयाचें हृदय त्याच्या आठवणींनीं घडलेलें असतें. १९४९ सालीं शंकर या विख्यात चित्रकारानें घटनेच्या संथ गतीवर एक चित्र काढलें. गोगलगाईवर डॉ. आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत, आणि मागें नेहरूहि चाबूक उगारून उभे आहेत. पुढें तें चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत घेतलें गेलें, आणि २०१२ सालीं त्यावरून संसदेंत वादळ उठलें. पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनीं राजीनामे दिले. पुणें विद्यापीठांत पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली. मोडतोडीचें समर्थन कोणीहि विचारी मनुष्य करणार नाहीं. पण रागावलेल्या सर्वांस विनोदबुद्धि नाहीं, असें म्हणून हात झटकणेंहि आम्हांस पटत नाहीं. एका पाहणाऱ्यास त्या चित्रांत गोगलगाय दिसते. ज्याच्या आजापणजांनीं खरा चाबूक पाहिला आहे, त्याला प्रथम चाबूक दिसतो. कोणती रेघ कोणास निर्वेदन वाटेल, हें प्रत्येकाच्या पाठीवर काय लिहिलें आहे त्यावर ठरतें. म्हणून चित्रकाराचा हेतु शुद्ध होता एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं, आणि कोणी तरी दुखावला एवढ्यानेंहि मिटत नाहीं. लुई फिलिपहि दुखावलाच होता. दोन्ही बाजूंनीं विचारावयाचा प्रश्न एकच: या रेघेनें मला जेथें नेलें, तेथें एखादी करणी आहे, कीं नुसतें अंग आहे?

हा निकष लावून पाहिला म्हणजे या कलेंतील उत्तम कृति कां टिकल्या तें कळतें. ‘पंच’ पत्रांत १८४३ सालीं जॉन लीचनें काढलेल्या ज्या चित्रामुळें ‘कार्टून’ शब्दास आजचा अर्थ आला, त्यांत फाटक्या वस्त्रांतले भुकेले लोक चित्रप्रदर्शन पाहत उभे आहेत. पण हसूं त्यांच्या चिंध्यांना नाहीं. अन्न मागणारांस चित्रें दाखविणाऱ्या सरकारला आहे. आमच्याकडे १९२० सालीं निघालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकांत शं. वा. किर्लोस्करांनीं रूढींच्या तोंडावर रेघोट्या ओढल्या. रा. कृ. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटांतला, धोतर नेसलेला सामान्य माणूस १९५१ पासून पुढें कित्येक दशकें वाचकांच्या घरीं सकाळीं येत असे. तो एक शब्दहि बोलत नसे. पुढाऱ्याची फजिती तो पाही. आणि आपण पुढाऱ्यास हसतां हसतां आपल्या ध्यानांत येई कीं ज्यानें याला निवडून दिलें तो कोट घालून येथेंच उभा आहे. भरतानें हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे भेद केले, ते आम्हांस लक्ष्मणांच्या चौकटींत एकत्र नांदतांना दिसतात. तेथें हॉब्जची प्रौढी टिकत नाहीं.

आतां पुन्हा फळ्याकडे वळूं. कारण ही सर्व मीमांसा सुचण्यापूर्वींच तिचें सार आम्हांस दुसऱ्याच कोणीं सांगितलें होतें.

परीक्षा संपल्यावर तो अधू पायाचा विद्यार्थी निरोप घेण्यास घरीं आला. चहा झाला. त्या दिवशींचा विषय आम्हींच काढला. वर्गास चार शब्द सुनवावयास हवे होते, तें राहून गेलें, अशी कबुली दिली. तो थोडा वेळ बशीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “सर, चित्राचें मला फारसें वाटलें नव्हतें. तुम्हीं तें पुसलेंत, त्याचें वाटलें.”

आम्ही चकित होऊन पाहत राहिलों.

“तुमचें चित्र तासभर राहिलें. माझें एका क्षणांत पुसलें गेलें. तेव्हां सगळ्यांना कळलें कीं तुमच्याकडे पाहून हसतां येतें, माझ्याकडे पाहून नुसतें गप्प व्हावें लागतें.”

“मग तें राहूं द्यावयास हवें होतें काय?” आम्हीं विचारलें.

“नाहीं, सर. तें चित्रच वाईट होतें. त्यानें नुसता पाय काढला.” येथें तो हसला, त्या दिवशीं वर्गांत हसला होता तसें नव्हे. “मी रोज उशिरा येतों आणि पायाचें निमित्त सांगतों, हें सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. वसतिगृहापासून वर्ग पांच मिनिटांवर आहे. मी झोपतों, सर! तुम्हीं मला कधीं विचारलें नाहींत. त्यानें मी पांघरूण घेऊन झोपलों आहें आणि पाय एकटाच काठी घेऊन तुमची परवानगी मागायला आला आहे, असें काढलें असतें, तर मी स्वतः तें पुसूं दिलें नसतें.”

तें न काढलेलें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, आणि आम्ही दोघेहि पोट धरून हसलों. आंतून मंडळी काय झालें तें पाहण्यास बाहेर आली.

तो गेल्यावर आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत बसलों. अधू पाय चित्रांत येऊंच नये असा नियम आम्हीं मनांत बांधला होता, आणि त्यास आम्ही दया म्हणत होतों. पण त्या दयेनेंहि त्या मुलाचा पायच तेवढा पाहिला होता. खडूवाल्या मुलानें पायापलीकडचा आळशी, हुशार, कावेबाज, लोभस मुलगा पाहिला नाहीं. आम्हींहि पाहिला नाहीं. एकानें पाय काढला, दुसऱ्यानें पुसला. व्यंग ओलांडून व्यंग्यापर्यंत दोघांपैकीं कोणीच गेला नाहीं. दुसऱ्यास हसण्याचा अधिकार कोठवर, हा प्रश्न नीतिशास्त्रांत नेहमीं विचारला जातो. इतरांप्रमाणें आपल्या दोषांवरून हंसून घेण्याचाहि मनुष्यास कांहीं अधिकार असतो, आणि आपण कनवाळूपणानें तो हिरावून घेतों, ही गोष्ट आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस प्रथमच कोणीं सांगितली.

पुढच्या वर्षीं जून महिन्यांत नवा वर्ग आला. पहिल्या आठवड्यांतच फळ्यावर आमची तर्जनी पुन्हा उगवली. या खेपेस तिच्यावर चष्माहि होता. ती आम्हीं राहूं दिली. त्यानंतर दुसऱ्या कोणाचें चित्र दिसलें, तर डस्टरकडे हात नेण्यापूर्वीं आम्ही आतां त्या चित्रापुढें थोडे थांबतों, आणि तें ज्याचें आहे त्याच्या तोंडाकडे एकदां पाहतों.